प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं, गावाने वर्गणी काढली, तेव्हा कुठे भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं

अमरावतीत हनुमान आखाड्याचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. एचव्हीपीएम म्हणा, हव्याप्र म्हणा, नाहीतर नुसतं मंडळ म्हणा, समोरचा माणूस बरोबर बोट दाखवतो. १९१४ साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य यांनी, सुरू केलेला हा आखाडा पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजला. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं, तेव्हा वऱ्हाडातली ही पोरं थेट जर्मनीत पोहोचली आणि कबड्डीसारख्या आपल्या मातीतल्या खेळांची प्रात्यक्षिकं त्यांनी जगाला दाखवली.

पण ती प्रात्यक्षिकं होती. लोकांनी पाहिलं, टाळ्या वाजवल्या, कौतुक केलं. पदकांच्या यादीत त्याची नोंद होणार नव्हती.

आपल्या आखाड्यातला गडी जगाच्या स्पर्धेत उतरून, समोरच्याला चीत करून, गळ्यात पदक घालून परत येईल का, या प्रश्नाचं उत्तर मिळायला आणखी १६ वर्षं लागली. ते उत्तर आलं सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर नावाच्या छोट्या गावातून.

खाशाबा दादासाहेब जाधव.

पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो शंभर-सव्वाशे किलोचा धिप्पाड गडी. आज यूट्यूबवर किकबॉक्सिंग, एमएमए बघणाऱ्या पोरांनाही हेवीवेटवाल्यांचीच नावं पाठ असतात. पण स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा माणूस ५७ किलो गटातला होता. उंचीने बेताचा, अंगाने आटोपशीर आणि चपळाईला तोड नाही. त्यांना 'पॉकेट डायनॅमो' असं नाव मिळालं होतं.

नाव सगळ्यांना माहीत आहे. पण तिथपर्यंत जायला काय काय करावं लागलं आणि परत आल्यावर काय मिळालं, ही गोष्ट पूर्ण वाचण्यासारखी आहे.

घरातच आखाडा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावंडांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवलं.

शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. पोहणं, धावणं, मल्लखांब असं सगळंच चालू असायचं, पण जीव कुस्तीत. तो काळही साधा नव्हता. सातारा जिल्ह्यात १९४२ ची चळवळ पेटली होती, प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. जाधवांच्या घरानेही अशा लोकांना आसरा दिल्याचं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं.

शाळेनंतर खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेलं, खासबागेसारखं मैदान बांधलेलं हे शहर. इथे तालमींची कमी नव्हती आणि कुस्ती जाणणाऱ्या माणसांचीही नव्हती. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले.

त्यांचा हुकमी डाव होता ढाक. समोरच्याचं डोकं आणि मान पकडीत घ्यायची आणि त्याला अंगावरून फिरवून खाली टाकायचं. हा डाव बसला की मोठ्या ताकदीचा माणूसही हवेत जायचा. ढाक मारताना चुकलं तर आपणच खाली येतो, म्हणून हा डाव धीराच्या गड्याचा समजला जातो.

लंडन १९४८ : पहिल्यांदा मॅटवर

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक होतं. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालेलं. खाशाबांची निवड फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात झाली. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनला गेल्यावर खरी अडचण कळली. तिथे माती नव्हती, गादी होती. आपण जिला मॅट म्हणतो ती.

हा फरक नुसता पायाखालच्या जमिनीचा नाही. मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत, हे समजल्याशिवाय खाशाबांनी काय केलं ते कळत नाही.

आपल्याकडे आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. तिच्यात पाय थोडा रुततो. त्यामुळे चाल संथ असते आणि पकडीला, दमाला महत्त्व येतं. निकाल लावायची पद्धतही सोपी, पाठ लागली की कुस्ती संपली. गुण नाहीत, पंचाची पाटी नाही. जुन्या काळात कुस्ती तासभर चालली तरी कुणी घड्याळ बघत नसे.

मॅटवर पाय रुतत नाही, उलट सरकतो. चाल जलद होते. वेळ ठरलेली असते. समोरचा चीत झाला नाही तरी कुणी जास्त हल्ले केले, कुणी कुणाला धोक्यात आणलं यावर पंच निकाल देतात. मातीत बचाव करत वाट बघणारा पैलवान शहाणा ठरतो, मॅटवर तोच पैलवान हरतो.

खाशाबांना हे सगळं लंडनला पोहोचल्यावर शिकावं लागलं. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मार्गदर्शन केलं. एवढ्या थोड्या तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले.

मॅटवर सराव नसलेला, बावीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा जगात सहावा आला होता. त्याआधी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये रणधीर शिंदे हे मराठी मल्ल चौथ्या क्रमांकापर्यंत गेले होते, पण पदक हुकलं होतं. आता खाशाबांना अंदाज आला की पदक फार लांब नाही. चार वर्षं त्यांनी त्याच एका गोष्टीसाठी दिली. वजनही वाढवलं आणि फ्लायवेटमधून बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात ते आले.

एका गुणाचं राजकारण

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंडची राजधानी हेलसिंकीला होतं. खाशाबा तयार होते, पण निवड होईना.

मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन बाजूला काढलं, अशी खाशाबांची तक्रार होती. ऑलिम्पिकचं तिकीट दुसऱ्याच्या हातात जाणार हे दिसत होतं.

अशा वेळी बहुतेक खेळाडू गप्प बसतात. पुढच्या वेळी त्याच पंचांसमोर, त्याच पदाधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं असतं, त्यामुळे तोंड उघडायची हिंमत होत नाही. खाशाबा गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्र सिंग हे त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्वतः क्रिकेट खेळलेले होते. त्यांनी फेरनिवडीची कुस्ती लावून दिली.

समोर होता बंगालचा नामांकित मल्ल निरंजन दास. खाशाबांनी त्याला चीत केलं. गुण मोजायचा प्रश्नच उरला नाही.

तिकीट मिळालं, पैसे कुठे होते?

निवड झाली म्हणजे सगळं झालं, असं आज आपल्याला वाटतं. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, कपडे, बूट, सोबतचा प्रशिक्षक हे सगळं कुणीतरी बघेल असं आपण धरून चालतो. १९५२ साली तसं नव्हतं. हॉकीच्या संघाकडे देशाचं लक्ष होतं. कुस्तीगीराने आपला खर्च आपण उभा करायचा होता.

जाधवांचं घर शेतकऱ्याचं. फिनलंडला जाऊन येण्याचा खर्च त्यांच्या आवाक्यातला नव्हता. सरकारदरबारी मदत मागून झाली, पण वेळेत हाताला काही लागलं नाही.

मग खाशाबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दारोदार फिरायला सुरुवात केली. गोळेश्वरच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली. कराड आणि कोल्हापूरच्या दुकानदारांनी, संस्थांनी हातभार लावला. तरी मोठी रक्कम कमी पडत होती.

तेव्हा पुढे आले ते राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे केले, असं खाशाबांच्या गोष्टीत नेहमी सांगितलं जातं.

हे जरा थांबून समजून घ्या. प्राचार्यांना यातून काहीच मिळणार नव्हतं. पोरगा पहिल्याच फेरीत हरला असता तरी कर्ज फेडावं लागणारच होतं. पदक मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती, कारण तोवर वैयक्तिक पदकापर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली होती, पण ती इंग्रजांच्या काळातली गोष्ट. हॉकीत सुवर्ण होतं, पण ते संघाचं. एकट्या माणसाने, स्वतंत्र भारताच्या झेंड्याखाली पदक आणलेलं नव्हतं.

खाशाबा हेलसिंकीला निघाले ते आपल्या पोटापेक्षा दुसऱ्याच्या घराची काळजी उरावर घेऊन. त्यांच्यासोबत कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही भारताकडून फेदरवेट गटात उतरणार होते.

हेलसिंकीची मॅट

त्या वेळच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीची पद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती. एक कुस्ती हरली की लगेच घरी, असं नव्हतं. प्रत्येक कुस्तीनंतर दोषाचे गुण मिळायचे. समोरच्याला चीत केलं तर शून्य, पंचांच्या निर्णयाने जिंकलं तर थोडे, हरलं तर जास्त. दोषगुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की गडी बाद. त्यामुळे नुसतं जिंकून भागत नव्हतं, चीत करून जिंकणं फायद्याचं होतं. मातीत वाढलेल्या, पाठ लावण्याचीच सवय असलेल्या पैलवानाला हे सोयीचं होतं.

खाशाबांनी सुरुवात तशीच केली. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चीत केलं. मग मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला चीत केलं. नंतर जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी जोरदार लढत झाली. ती पंचांच्या निर्णयाने, दोन विरुद्ध एक अशा मतांनी, खाशाबांनी जिंकली.

आता पदकाच्या फेरीत तिघं उरले. भारताचे खाशाबा, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेकोव.

हे दोघे कोण होते तेही बघा. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये उतरला होता आणि सरकारी ताकदीने तयार केलेले मल्ल घेऊन आला होता. इशी मूळचा ज्युदोवाला. महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जपानमध्ये ज्युदोवर बंधनं आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. युद्धात बेचिराख झालेला जपान ऑलिम्पिकमध्ये परत येत होता आणि त्यांनाही पदकाची भूक होती.

इशीबरोबरची कुस्ती पूर्ण वेळ चालली. पंधरा मिनिटं. मॅटवरची पंधरा मिनिटं म्हणजे काय हे ज्याने एकदा तरी लढून पाहिलंय त्यालाच कळतं. हात जड होतात, पकड सुटायला लागते, श्वास छातीत मावत नाही. खाशाबा चीत झाले नाहीत, पण निर्णय इशीच्या बाजूने गेला.

आणि इथे ती गोष्ट घडली, जी खाशाबांची कहाणी सांगताना प्रत्येक जण सांगतो.

नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांना लगेच मम्मदबेकोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. अशा वेळी संघाच्या अधिकाऱ्याने पुढे व्हायचं, नियम दाखवायचा आणि आपल्या गड्याला वेळ मिळवून द्यायचा असतो. पण भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांच्या बाजूने बोलणारं मॅटशेजारी कुणीच नव्हतं.

ते तसेच उभे राहिले आणि हरले.

इशीला सुवर्ण, मम्मदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. जपानला त्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. भारताला हॉकीचं सुवर्ण आणि खाशाबांचं कांस्य, अशी दोनच पदकं मिळाली.

विश्रांती मिळाली असती तर खाशाबा जिंकले असते का? कोण सांगणार. समोरचा मल्लही कमी नव्हता. पण दमलेला गडी आणि अर्धा तास बसून उठलेला गडी यात फरक असतो. तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता आणि तो मागायला देशाचं माणूस तिथे नव्हतं. हरण्याजिंकण्यापेक्षा हे जास्त लागतं.

बैलगाड्यांची मिरवणूक

देशाने संघाच्या सुवर्णाचा जल्लोष केला. खाशाबांचा जल्लोष केला तो त्यांच्या माणसांनी.

कराड स्टेशनवर लोक ढोल-ताशे घेऊन आले होते. शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. स्टेशनपासून गोळेश्वरचं अंतर थोडंच, पण मिरवणुकीला गावात पोहोचायला सात तास लागले, असं तिथले लोक अजून सांगतात. ज्या गावाने दोन-दोन रुपये वर्गणी काढली होती, ते गाव आपल्या पैशाचं काय झालं ते डोळ्यांनी बघत होतं.

खाशाबांच्या डोक्यात मात्र एक हिशेब राहिला होता. प्राचार्यांचं घर.

त्यांनी सत्कार स्वीकारत बसण्याऐवजी कुस्त्यांची मैदानं भरवली. स्वतः लढले. आलेल्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं आणि घर मोकळं केलं. ऑलिम्पिक पदक विजेत्याने परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर उधारी चुकती केली.

खाकीतली २७ वर्षं

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब इन्स्पेक्टर म्हणून दाखल झाले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना कुस्ती शिकवली. १९५६ साली मेलबर्नला पुन्हा उतरायचं मनात होतं, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते राहिलं. दुसरं ऑलिम्पिक पदक गुडघ्यातच अडकलं.

पुढे २७ वर्षं नोकरी झाली. ऑलिम्पिक पदक विजेता म्हणून वेगळी वागणूक मिळाली, असं काही झालं नाही. बढती बराच काळ रखडली. अगदी शेवटी शेवटी ते असिस्टंट कमिशनर झाले आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं.

१९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ भरले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना मान मिळाला. पदकाला तीस वर्षं झाली होती. देशाने त्यांची आठवण काढल्याचे जे मोजके प्रसंग त्यांनी स्वतः पाहिले, त्यातला हा एक.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात खाशाबा गेले. वय ५८.

ते गेल्यावर

आता काही तारखा एकापुढे एक ठेवून बघा.

अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली. खाशाबा त्यानंतर २३ वर्षं जिवंत होते. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, म्हणजे जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. महाराष्ट्र सरकारचा शिवछत्रपती पुरस्कारही मरणोत्तरच, १९९० च्या दशकात. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. त्यासाठी कुटुंबाने आणि कुस्तीप्रेमींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.

खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते १९९६ साली, लिएंडर पेसला टेनिसमध्ये. मध्ये गेली ४४ वर्षं. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ साली बीजिंगला, सुशील कुमारचं. मध्ये गेली ५६ वर्षं. त्या दिवशी टीव्हीवर खाशाबा जाधव हे नाव पुन्हा पुन्हा ऐकू आलं आणि देशातल्या अनेक पोरांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

२०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल करायची घोषणा झाली, पण काम रखडलं. इतकं रखडलं की २०१७ साली पदकाचा लिलाव करून पैसे उभे करू, असं म्हणायची वेळ घरच्यांवर आली. जे पदक मिळवायला घर गहाण पडलं होतं, ते पदकच विकायला काढायची भाषा झाली.

१५ जानेवारी २०२३ ला, त्यांच्या ९७ व्या जयंतीला, गूगलने डूडल केलं. त्या दिवशी जगभरच्या लोकांनी मोबाईल उघडला की मातीतला हा पैलवान समोर दिसत होता. नागराज मंजुळे यांनी त्यांच्यावर चित्रपट करायला घेतला. आणि महाराष्ट्राने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला.

मग वऱ्हाडातल्या आपल्याला यातून काय?

खाशाबांची गोष्ट आपण बहुतेक वेळा अभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो आणि संपवतो. एवढ्या अडचणी असून जिंकले बघा, असं पोरांना ऐकवतो. पण त्या अडचणी कुस्तीच्या नव्हत्याच. ढाक मारायला खाशाबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अडलं ते तीन ठिकाणी. निवडीत, पैशात आणि मॅटशेजारी नियम माहीत असलेला माणूस नव्हता तिथे.

ही तीन ठिकाणं आजही तीच आहेत.

अमरावतीत हनुमान आखाडा आहे. अकोल्यात बॉक्सिंगची क्रीडा प्रबोधिनी आहे. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग शिकणारी पोरं-पोरी आता वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावातही सापडतात. मातीतून मॅटवर जायला त्यांना लंडनपर्यंत थांबावं लागत नाही. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती खाशाबांच्या पिढीला मिळाली नव्हती.

पण राज्य स्पर्धेला जायचं म्हटलं की रेल्वेचं तिकीट कोण काढणार, हा प्रश्न कापूस-सोयाबीनच्या घरात आजही पडतो. निवडीत अन्याय झाला असं वाटलं तर दाद कुठे मागायची हे बहुतेक आईवडिलांना माहीत नसतं. आणि लहान स्पर्धांमध्ये पोरगं मॅटवर असताना वेळ, वजन, विश्रांती, अपील यांचे नियम वाचून आलेला मोठा माणूस सोबत असेलच असं नाही.

यातलं शेवटचं काम तर फुकटात होण्यासारखं आहे. तुमच्या घरातलं पोर कुठलाही लढतीचा खेळ खेळत असेल तर त्या खेळाची नियमावली एकदा वाचा. दोन लढतींच्या मध्ये किती वेळ मिळायला हवा, हरकत कुणाकडे आणि किती मिनिटांत घ्यायची, एवढं जरी माहीत असलं तरी पुरे. हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूला एवढं माहीत असलेला एकच माणूस हवा होता.

कधी कराडकडे जाणं झालं तर गोळेश्वरला थांबा. ज्या रस्त्यावरून बैलगाड्या गेल्या तो रस्ता तिथे आहे. आणि पुढच्या १५ जानेवारीला शाळेत, तालमीत, जिममध्ये खाशाबांच्या फोटोला हार घालाल, तेव्हा पोरांना पदकाबरोबर खर्डेकर सरांच्या घराचीही गोष्ट सांगा.